‘हाय रिस्क’ म्हणजे नेमकी किती जोखीम?

प्रोस्टेट या पुरुषांमधल्या ग्रंथीच्या कर्करोगाच्या रिपोर्टवर ‘हाय रिस्क’ असं दिसलं की घरातल्या सगळ्यांचाच धीर सुटतो. पण हा शिक्का बसायला तीनपैकी एकच गोष्ट पुरते: रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन) २० च्या वर, ग्लीसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात याचा आकडा) ८ किंवा जास्त, किंवा गाठ ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेल्याची लक्षणं. त्यामुळे पीएसए २२, पण बाकी दोन्ही बाबतींत ठीक असलेला माणूस आणि तिन्ही बाबतींत वाईट स्थिती असलेला माणूस एकाच रांगेत उभे राहतात. ग्रंथी काढायच्या ऑपरेशननंतर दोघांची वाटचाल सारखी कशी असेल? हा शिक्का फार ढोबळ आहे, असं मला मनापासून वाटतं.

अंदाज बारकाईने बांधायचे प्रयत्न जुने आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या अ‍ॅलन पार्टिन आणि सहकाऱ्यांनी याच तीन गोष्टी एकत्र मांडून तक्ते केले. रोग ग्रंथीतच आहे, आवरणाबाहेर गेलाय, की शुक्राशय (शेजारच्या, वीर्यातला द्रव बनवणाऱ्या पिशव्या) किंवा लसिका गाठींपर्यंत (लिम्फ नोड्सपर्यंत) पोचलाय, याची शक्यता त्यावरून काढता येते. पुढे नोमोग्राम नावाचे आलेख आले. त्यात प्रत्येक घटकाला गुण देऊन बेरजेवरून टक्के वाचतात.

मात्र गणित कितीही चोख असलं तरी त्यात घातलेली माहिती अपुरी असते. बायोप्सीत साधारण बाराच बारीक तुकडे निघतात. सुई नेमकी कुठे गेली यावर बरंच ठरतं. म्हणून ग्रंथी पूर्ण काढून तपासल्यावर ग्लीसन कधी वाढतो, तर कधी चक्क उतरतो. लसिका गाठींतले कर्करोगाचे सूक्ष्म कण साध्या सीटी स्कॅनला दिसत नाहीत. प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते दाखवणाऱ्या पीएसएमए पेट स्कॅनने इथे मोठी मदत केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३०२ जोखमीच्या रुग्णांवरच्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत त्याची अचूकता ९२ टक्के होती, तर सीटी आणि बोन स्कॅनची मिळून ६५ टक्के.

डॉक्टर ‘३० टक्के’ म्हणाले, तर आधी विचारावं: कशाचे? पीएसए पुन्हा वाढण्याचे, की या आजाराने मृत्यू येण्याचे? दोन्हींत फार अंतर आहे. पीएसए वाढूनही अनेक जण कित्येक वर्षं जगतात.

ऑपरेशननंतर हा अंदाज नव्याने मांडला जातो. कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी आहेत का, लसिका गाठी स्वच्छ आहेत का, हे आता कळलेलं असतं. साधारण सहा आठवड्यांत पीएसए मोजता न येण्याइतकं खाली यायला हवं. ते पुढे ०.२ वर गेलं आणि दुसऱ्या तपासणीतही तसंच निघालं, तर रोग परतल्याचं धरतात आणि रेडिएशनचा विचार सुरू होतो.