गाळ पाण्यातला नव्हताच

आमच्या इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे उन्हाळ्यात सगळी भिस्त बोअरवर. त्या पाण्यात तुरीची डाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी टणकच. हे हेरूनच परवा आरओ विकणारा एक मुलगा दारात आला. टेबलावर दोन ग्लास ठेवले, एकात आमचं बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. दोन्हींत धातूच्या सळया बुडवून बटण दाबलं. बोअरचं पाणी बघता बघता हिरवट, मग विटकरी झालं, वर फेस आला. आरओचं जसंच्या तसं.

"देखिए माताजी, आप क्या पी रही हैं!"

आईने माझ्याकडे पाहिलं. मला मात्र सळयांकडे बघावंसं वाटत होतं, कारण तो गाळ त्यांच्यातूनच आला होता.

लोखंडाच्या अणूत 26 प्रोटॉन आणि 26 इलेक्ट्रॉन असतात. धन आणि ऋण प्रभाराची वजाबाकी शून्य, म्हणून अणू उदासीन. (हिंदी माध्यमातल्या भाचरांसाठी: आपला अणू म्हणजे तुमचा परमाणु, आणि तुमचा अणु म्हणजे आपला रेणू. या शब्दाने आमच्या घरात दोन पिढ्यांचे गृहपाठ बिघडवलेत.) विजेने दोन इलेक्ट्रॉन काढून घेतले की उरतात 24, प्रोटॉन मात्र 26 च. हा झाला आयन. प्रोटॉन तेवढेच, म्हणून मूलद्रव्य लोखंडच. पण अणू सळईत घट्ट बसलेला असतो आणि आयन सरळ पाण्यात उतरतो. तिथे हवेतल्या ऑक्सिजनपायी आणखी एक इलेक्ट्रॉन जातो आणि गंजाचा रंग चढतो.

मग आरओचं पाणी नितळ का राहिलं? पाण्यातून वीज वाहायला आयन लागतात. बोअरच्या पाण्यात माळव्याच्या काळ्या खडकातून झिरपलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन भरपूर. आरओत ते बहुतेक गाळले जातात. वीज वाहिली नाही, लोखंड सुटलं नाही, इतकंच. त्याच्या खिशातलं टीडीएस मीटरही, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, पाण्यातून वीज किती वाहते यावरूनच आकडा सांगतं. जंतू त्याला दिसत नाहीत.

डाळीची तक्रार मात्र खरी आहे. कॅल्शियम धातूचा तुकडा पाण्यात टाकला तर हायड्रोजनचे बुडबुडे उसळतात, कारण त्याच्या अणूला दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकायची घाई असते. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम ते कधीच देऊन बसलाय, म्हणून निवांत असतो. फक्त डाळीतल्या पेक्टिनचे धागे एकमेकांना बांधून ठेवतो, आणि दाणा फुटत नाही. तेवढ्यापुरतं ते मशीन कामाचं आहे. माझा राग त्या जादूवर.

मी आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं. सोडियमचे एकेक इलेक्ट्रॉन गमावलेले आयन, क्लोरीनचे एकेक कमावलेले. म्हटलं, "अब दबाओ." थोड्याच वेळात तेही पाणी विटकरी.

"भैया, आपने इसमें क्या डाल दिया?"

"वरणात घालते तेच रे," आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.