बिघाड पडद्यावरच वाचता येतो

नाणं टाकून खेळायच्या जुन्या आर्केड यंत्रात खेळ सुरू होताना पडद्यावर इंग्रजीत ‘रेडी’ उमटायला हवं: आर, ई, ए, डी, वाय. त्याऐवजी दिसतं एस, ई, ए, ई, वाय. जिथे काहीच नसावं तिथे सगळीकडे उद्गारचिन्हं. पाहणाऱ्याला वाटतं, यंत्रातला सर्किट बोर्ड पार कामातून गेला. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र अशा पडद्यावर जवळजवळ पूर्ण उत्तर मिळालेलं असतं.

अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतात ए म्हणजे 65, डी 68, ई 69, आर 82, एस 83 आणि वाय 89. आरचा एस झाला, डीचा ई झाला. ए, ई आणि वाय तसेच राहिले. म्हणजे सम क्रमांक एकाने वाढले आणि विषम क्रमांकांना धक्का लागला नाही. रिकाम्या जागेचा क्रमांक 32, तो 33 झाला, आणि 33 म्हणजे उद्गारचिन्ह. क्रमांक आठ बिटांत, म्हणजे 0 किंवा 1 अशा आठ अंकांत लिहिलेला असतो. त्यांपैकी सगळ्यात खालचा, एककाचा बिट कायमचा 1 वर अडकलाय. शंभराच्या आसपास आयसी, म्हणजे चिप, असलेल्या बोर्डावर आता शोध एकाच सिग्नलच्या वाटेपुरता उरला.

असं वाचन शक्य होतं ते या बोर्डांच्या रचनेमुळे. 1972च्या ‘पाँग’मध्ये प्रोसेसर नव्हताच, चेंडू, फळ्या, गुण सगळं साध्या लॉजिक आयसींनी जमवलेलं. 1978च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये 8080 प्रोसेसर आला, 1980च्या ‘पॅक-मॅन’मध्ये झेड-80, तोही साधारण 3 मेगाहर्ट्‌झवर चालणारा. भोवती 74 मालिकेतल्या, म्हणजे टीटीएल जातीच्या साध्या लॉजिक आयसींच्या रांगा. आज हे सगळं एका चिपच्या पोटात मावतं आणि बाहेरून काही कळत नाही. तेव्हा मात्र प्रत्येक गेट, प्रत्येक काउंटर बोर्डावर उघडा होता, आणि त्याच्या प्रत्येक पायावर प्रोब टेकवता येत होता.

चित्र कसं तयार होतं तेही पाहायला हवं, कारण सगळं निदान त्यावर उभं आहे. ‘पॅक-मॅन’चा पडदा 288 गुणिले 224 ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला दोन बिट धरले तरी अख्खं चित्र साठवायला जवळजवळ 16 किलोबाइट लागतील, आणि तेव्हा मेमरी फार महाग होती. म्हणून पडद्याचे 8 गुणिले 8 ठिपक्यांचे चौकोन केले: 36 गुणिले 28, एकूण 1008. मेमरीत प्रत्येक चौकोनात कुठल्या क्रमांकाचं चित्र आहे ते ठेवायचं. त्याला एक किलोबाइट, म्हणजे 1024 बाइट पुरतात. प्रत्यक्ष चित्रं वेगळ्या रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत असतात. पडद्यावरचा किरण पुढे सरकतो तसा क्रमांक रॅममधून, म्हणजे लिहिता-वाचता येणाऱ्या मेमरीतून निघतो, रॉमच्या अ‍ॅड्रेस लाइनवर, म्हणजे कुठलं चित्र हवं ते सांगणाऱ्या तारांवर जातो, रॉममधून ठिपक्यांची एक ओळ बाहेर पडते, शिफ्ट रजिस्टर ती एकेक ठिपका करून पुढे ढकलतं आणि शेवटी रंग ठरतो.

या वाटेवर जिथे बिघाड होतो, तिथली खूण पडद्यावर उमटते. क्रमांकाचा बिट अडकला तर चित्रांची अदलाबदल होते. रॉमनंतरचा डेटा बिट गेला तर चित्र योग्य जागी, योग्य आकारात असतं, पण त्यातल्या काही ठिपक्यांचे रंग चुकतात. शिफ्ट रजिस्टर बिघडलं तर प्रत्येक चौकोनात रेघा दिसतात. पार्श्वभूमी ठीक आणि हलणारी पात्रं फाटलेली असतील, तर अर्ध्या बोर्डाकडे, म्हणजे पार्श्वभूमी काढणाऱ्या भागाकडे बघायची गरजच नाही. रंगांचंही तसंच. ‘पॅक-मॅन’चे रंग 32 बाइटच्या छोट्या प्रॉममध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या रॉममध्ये आहेत. प्रत्येक बाइटमध्ये लाल आणि हिरव्याला तीन-तीन बिट, निळ्याला दोन. लाल आणि हिरव्याचे बिट 1000, 470 आणि 220 ओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र येतात. सगळ्यात कमी रेझिस्टरमधून सगळ्यात जास्त करंट जातो, म्हणून लालचा 220 ओहमवाला मार्ग तुटला की लाल रंगाचं निम्म्याहून जास्त तेज जातं. हिरवा-निळा जसाच्या तसा आणि लाल मातकट, एवढ्यावरून कुठला रेझिस्टर तपासायचा ते ठरतं.

आता पुन्हा त्या अडकलेल्या बिटाकडे. तो रॅममध्ये अडकलाय, की रॅममधून आलेला आकडा क्षणभर धरून ठेवणाऱ्या लॅचमध्ये, की रॉमच्या अ‍ॅड्रेस पायाशी? पडद्यावर तिन्ही ठिकाणचा परिणाम सारखाच दिसतो. इथे बोर्डाची स्वतःची चाचणी कामी येते. बऱ्याच खेळांत सुरुवातीला प्रोसेसर रॅममध्ये ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून पाहतो. वाचलेलं बरोबर आलं आणि पडदा तरीही चुकीचा असेल, तर रॅम निर्दोष. दोष तिच्या पुढे. चाचणी नापास झाली तर दोष रॅममध्ये किंवा रॅम आणि प्रोसेसर यांच्या मधल्या, सिग्नल पुढे पोचवणाऱ्या बफरमध्ये. एका निरीक्षणात निम्मी वाट बाद होते. माझ्या मते या कामातलं खरं कौशल्य हेच आहे. संशय येईल तो आयसी बदलत सुटण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. चाळीस वर्षांच्या बोर्डाचे ट्रॅक, म्हणजे त्यावरच्या तांब्याच्या वाटा, नाजूक झालेले असतात आणि विनाकारण काढलेल्या प्रत्येक आयसीबरोबर एखादा ट्रॅक उखडण्याची भीती असते.

अर्थात हे सगळं सप्लाय ठीक असेल तरच. टीटीएल आयसींना 4.75 ते 5.25 व्होल्ट हवेत. हे व्होल्ट सप्लायच्या टोकाला न मोजता बोर्डावर, सगळ्यात लांबच्या आयसीच्या पायांवर मोजायचे. बोर्डाच्या कडेला जोडणीसाठी तांब्याच्या पट्ट्या असतात, त्या काळ्या पडतात. तिथे 0.1 ओहम रोध आला आणि 3 अँपिअर करंट वाहत असेल, तर 0.3 व्होल्ट वाटेतच जातात. 5 चे 4.7 उरतात आणि बोर्ड वेड्यासारखा वागू लागतो. सप्लायचा स्क्रू फिरवून व्होल्ट वाढवले की खेळ चालतो, पण त्या काळ्या पट्टीवर जवळजवळ एक वॉट उष्णता मुरत राहते आणि ती आणखी जळते. पट्टी साफ करणं हाच उपाय. 4116 जातीच्या रॅम असतील तर अधिक जपावं लागतं. त्यांना अधिक 5, अधिक 12 आणि उणे 5 असे तीन सप्लाय लागतात, आणि उणे 5 नसताना बाकीचे दिले तर त्या कायमच्या जाऊ शकतात.

पडदा काहीच सांगत नसेल, म्हणजे नुसता कचरा स्थिर दिसत असेल किंवा चित्र सारखं उडून परत येत असेल, तर प्रोसेसरकडे जायचं. क्लॉक, म्हणजे प्रोसेसरला ठेका देणारा सिग्नल आहे का, आणि प्रोसेसर पहिल्यापासून सुरू करणारा रीसेट पाय काय करतोय? या बोर्डांवर वॉचडॉग नावाचं सर्किट असतं. प्रोग्रॅमने त्याला ठरावीक वेळात खूण दिली नाही तर प्रोग्रॅम भरकटला असं धरून ते प्रोसेसर रीसेट करतं. ‘पॅक-मॅन’मध्ये ही मुदत सोळा फ्रेमची, म्हणजे पाव सेकंदाच्या आसपास. रीसेट पायावर अशी नियमित धडधड दिसली, तर प्रोसेसर उठतोय, काही सूचना वाचतोय आणि वाट चुकतोय. मग प्रोग्रॅमची रॉम, रॅम आणि त्यांच्यामधली बस, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक तारा तपासायच्या.

लॉजिक प्रोब, म्हणजे पायावर 0 आहे की 1 ते दिव्याने दाखवणारी काडी, हे यातलं सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी हत्यार. टीटीएल इनपुट 0.8 व्होल्टच्या खाली 0 समजतो, 2 व्होल्टच्या वर 1. मधला पट्टा कुणाच्याच मालकीचा नाही. सोडून दिलेला इनपुट सुमारे दीड व्होल्टवर लोंबकळतो आणि प्रोबचे दोन्ही दिवे बंद राहतात. बदलता सिग्नल द्यायला हवा असा एखादा आउटपुट असा मुका सापडला, की तो आयसी आतून तुटलाय असं जवळजवळ नक्की. बसवर मात्र घाई नको. तिथे आपली पाळी नसताना आयसीने गप्प बसणंच बरोबर असतं. तिथे सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. दोन आयसी एकाच वेळी बोलत असतील तर सिग्नल धड वर नाही, धड खाली नाही अशा अर्ध्या पायरीवर अडकलेला दिसतो.

रॉमचं दुखणं वेगळं. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी 1971मध्ये आणलेल्या, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या ईप्रॉममध्ये प्रत्येक बिट म्हणजे चहूबाजूंनी इन्सुलेशनने वेढलेल्या गेटवर अडकवलेले इलेक्ट्रॉन. चिपच्या अंगावरच्या पारदर्शक खिडकीतून 253.7 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकला की ते सुटतात आणि सगळे बिट 1 होतात. अंधारातही ते हळूहळू गळतच असतात. म्हणून खिडकीवरचं लेबल काढू नये, आणि चिप हाती आली की आधी तिची प्रत करावी. कमजोर बिट एकदा 0 वाचला जातो, एकदा 1, म्हणून अनेकदा वाचून ताडून पाहावं. 1997मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या ‘मेम’ या, जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या एम्युलेटरने या कामावर फार मोठे उपकार केले आहेत. हजारो खेळांच्या प्रत्येक रॉमचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, त्यात नोंदलेला आहे. आपली प्रत जुळते की नाही हे क्षणात कळतं, आणि जुळली नाही तरी योग्य मजकूर नव्या चिपमध्ये भरता येतो.

कॅपकॉम कंपनीच्या 1993च्या सीपीएस-2 बोर्डांवर मात्र इतकंही पुरत नसे. त्यांचा प्रोग्रॅम सांकेतिक भाषेत असतो आणि तो उलगडण्याची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत. बॅटरी संपली की किल्ली गेली. एकही आयसी बिघडलेला नसताना बोर्ड मेला. 2007मध्ये आंद्रेआस नाइव्ह आणि साल्मोरिया यांनी ही संकेतपद्धत उकलली, आणि 2016मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि सहकाऱ्यांनी मूळ किल्ली पुन्हा बोर्डात लिहिण्याचा मार्ग दाखवला. बोर्डाचा मूळ प्रोग्रॅम न बदलता असे बोर्ड आता पुन्हा सुरू होतात. मला ही या क्षेत्रातली सर्वांत मोलाची कामगिरी वाटते.

दोषी आयसी एकदा पक्का झाला की तो अख्खा वाचवायचा मोह सोडावा. बारीक कटरने त्याचे पाय अंगाशी कापायचे, मग एकेक पाय सोल्डर वितळवून अलगद ओढायचा. आयसी तसाही मेलेला असतो. जपायचे असतात ते ट्रॅक. भोकं साफ करून सॉकेट बसवावं, प्रत्येक पायापासून पुढच्या जोडणीपर्यंत मीटरने सलगता तपासावी आणि नंतरच नवा आयसी दाबावा. त्यानंतर खेळ काही तास चालू ठेवावा, कारण काही आयसी थंड असताना नीट वागतात आणि तापल्यावरच चुकतात.