ग्रँड कॅन्यनला जायचं ठरलं, पण कुठल्या?

भारतातून आई-वडील आले की दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत एक बेत ठरलेलाच असतो. लास व्हेगस गाठायचं आणि तिथून दोन दिवसांत वाळवंट ओलांडून ग्रँड कॅन्यन पाहून यायचं. मग कोणीतरी फोनवर शोधतं आणि दोन उत्तरं समोर येतात. एक ग्रँड कॅन्यन व्हेगसहून सव्वादोन तासांवर, दुसरं साडेचार तासांवर. साहजिकच जवळचं निवडलं जातं.

आमच्या पहिल्या खेपेला आम्हीही तेच केलं. हॉटेलातल्या टूर डेस्कवरचा माणूस म्हणाला, "दरी तीच आहे, निम्म्या वेळात पोचाल." बाबा साताऱ्याला तीस वर्षं भूगोल शिकवायचे. आयुष्यभर फळ्यावर ज्या दरीचा छेद काढला ती बघायची म्हणून ते आदल्या रात्री नीट झोपलेही नव्हते. तिथं पोचल्यावर काठाजवळ उभं राहून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "छान आहे रे. पण ही ती नव्हे." त्यांचं बरोबर होतं. आम्ही वेस्ट रिमला आलो होतो आणि त्यांच्या डोक्यात होती साउथ रिम. रिम म्हणजे दरीचा काठ. माझ्याजवळचा राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पासही तिथं चालला नाही. त्या डेस्कवरच्या माणसानं एक वाक्य जास्त सांगितलं असतं तर बाबांचा तो दिवस वेगळा गेला असता, असं मला आजही वाटतं. ते वाक्य इथं सविस्तर लिहितो आहे.

गोंधळाचं मूळ आपल्या सवयीत आहे. आपण महाबळेश्वरला वाढलेली माणसं. एका गाडीत बसून सकाळी केट्स पॉइंट, दुपारी आर्थर सीट, संध्याकाळी बॉम्बे पॉइंट करायचं. त्यामुळे वेस्ट रिम, साउथ रिम ही नावं ऐकली की एकाच डोंगराचे दोन पॉइंट असतील असं वाटतं. पण नदीच्या वळणांनी मोजली तर ही दरी ४४६ किलोमीटर लांब आहे. म्हणजे पुण्याला सुरू होऊन जवळपास पणजीला संपणारी दरी. वेस्ट रिम ते साउथ रिम हे अंतर रस्त्यानं साधारण ३८५ किलोमीटर भरतं आणि गाडी चालवायला चार-साडेचार तास लागतात. एकाच दिवसात दोन्ही 'करून टाकू' हा बेत त्यामुळे कागदावरच मोडतो. नावांचा आणखी एक घोळ असा की या दोन्ही जागा कोलोरॅडो नदीच्या दक्षिण काठावरच आहेत. वेस्ट म्हणजे समोरचा काठ नव्हे, त्याच काठाचा पश्चिमेकडचा भाग. खरा समोरचा काठ तो नॉर्थ रिम. तिथलं जुनं लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेलं आणि दोन दिवसांच्या बेतात तो काठ तसाही बसत नाही.

दोन्ही जागांचे मालक वेगळे आहेत, आणि पासापासून तिकिटापर्यंतचा सगळा फरक तिथूनच येतो. साउथ रिम हा ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. हे उद्यान १९१९ साली झालं आणि १९७९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वेस्ट रिम उद्यानात येतच नाही. ती वालापाय या मूळ अमेरिकन जमातीची जमीन आहे. १८७४ मध्ये अमेरिकी सैन्यानं या लोकांना त्यांच्या डोंगराळ मुलखातून नदीकाठच्या तापत्या सखल भागात हाकलत नेलं, त्यात अनेक जण दगावले. पुढे १८८३ मध्ये त्यांच्यासाठी हे राखीव क्षेत्र ठरवलं गेलं. आज तिथलं पर्यटन ही जमात स्वतः चालवते. म्हणून वेस्ट रिमला कोणी 'नकली ग्रँड कॅन्यन' म्हटलं की मला वाईट वाटतं. तिथं तुम्ही कुणाच्या तरी घरी गेलेले असता. फक्त जाण्याआधी ते घर कुणाचं हे माहीत असावं.

साउथ रिमला खासगी गाडीमागे ३५ डॉलर पडतात, गाडीत कितीही जण असोत, आणि ती पावती सात दिवस चालते. मात्र आई-वडील भारतातून आलेले असतील तर एक नवा नियम ध्यानात ठेवा. जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यनसह ११ राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. त्यांच्यासाठी २५० डॉलरचा वेगळा वार्षिक पासही आहे. झायन आणि ब्राइसही याच ११ मध्ये येतात, त्यामुळे तीही करायची असतील तर हिशोब आधीच मांडा. वेस्ट रिमला तिकीट माणशी असतं, काचेच्या स्कायवॉकचे पैसे वेगळे, आणि राष्ट्रीय उद्यानाचा कुठलाही पास तिथं चालत नाही.

दिसतं काय, यातही फरक आहे. वेस्ट रिमला दरी अरुंद आहे, समोरचा कडा जवळ वाटतो आणि नदी खाली स्पष्ट दिसते. २००७ मध्ये उघडलेला स्कायवॉक हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा काचेचा पूल आहे, काठापासून ७० फूट बाहेर आलेला. काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून बुटांवर कापडी मोजे चढवूनच आत सोडतात. पण मला स्कायवॉकपेक्षा ग्वानो पॉइंट जास्त भावला. १९५० च्या दशकात दरीपलीकडच्या एका गुहेतून वटवाघळांच्या विष्ठेचं खत काढायचे आणि दरीवर तार ओढून पाळण्यातून ते या काठावर आणायचे. त्या रोपवेचा गंजलेला सांगाडा अजून उभा आहे आणि त्याच्या भोवती तिन्ही बाजूंना दरी आहे. तिथं कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नका. खाली नदीपर्यंत हेलिकॉप्टरनं उतरायचं असेल, तर तेही वेस्ट रिमलाच शक्य आहे. राष्ट्रीय उद्यानात हेलिकॉप्टर फक्त वरून फिरवून आणतात.

साउथ रिमला बऱ्याच जागांवरून नदी जेमतेमच दिसते. मॅदर पॉइंटवरून तर एखादा तुकडाच चमकतो. पण समोरचा काठ सुमारे १६ किलोमीटर दूर आणि तळ सुमारे दीड किलोमीटर खोल, आणि या दोहोंच्या मधली सगळी जागा लाल, करड्या, पिवळट थरांनी आणि सुट्या उभ्या शिखरांनी भरलेली. पाठ्यपुस्तकातलं, कॅलेंडरवरचं, बाबांच्या फळ्यावरचं ग्रँड कॅन्यन ते हे. ढगाची सावली एका शिखरावरून दुसऱ्यावर सरकायला लागली की माणसं आपोआप बोलायची थांबतात. हे मी प्रत्येक खेपेला पाहिलं आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हातात एकच दिवस असेल, रात्री व्हेगसला परतायचंच असेल, किंवा काचेवर चालायची आणि हेलिकॉप्टरची हौस असेल, तर वेस्ट रिमला खुशाल जा. दोन दिवस असतील तर साउथ रिमलाच जा आणि रात्र तिथंच काढा. मुक्काम न करता साउथ रिम करणं म्हणजे नऊ तास गाडीत बसून भर दुपारच्या उन्हात दरी पाहणं, आणि भर दुपारी ती सगळ्यात सपाट दिसते. सावल्या लांबल्याशिवाय तिची खोली डोळ्यांना कळत नाही. वेस्ट रिम दिवसाच्या ठरावीक वेळेतच उघडी असते, त्यामुळे पहाट आणि मावळतीचा खेळ खरा साउथ रिमलाच बघायचा.

आता रस्ता. दोन्हींची सुरुवात एकच आहे. व्हेगसहून ९३ क्रमांकाच्या महामार्गानं निघालात की हूवर धरणाशेजारच्या, २०१० मध्ये खुल्या झालेल्या उंच पुलावरून तुम्ही ॲरिझोनात शिरता. गाडीतून धरण दिसत नाही, बाजूच्या कठड्यामुळे. पाहायचं असेल तर गाडी लावून पुलावरच्या पादचारी मार्गानं चालत जावं लागतं. पुढे डोलन स्प्रिंग्जच्या अलीकडे डावीकडे वळलात तर वेस्ट रिम. त्या वाटेवर जोशुआ ट्रींचं जंगल लागतं, दोन्ही हात वर करून उभ्या असल्यासारख्या झाडांचं, आणि तेवढ्यासाठीसुद्धा तो रस्ता मला आवडतो. फोनची रेंज मात्र तिथं जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या.

साउथ रिमसाठी सरळ किंगमनला जायचं, तिथून ४० क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गानं पूर्वेला विल्यम्स, आणि विल्यम्सहून उत्तरेला तासाभरात काठ. किंगमनला टाकी भरून घ्या. वेळ असेल तर किंगमन ते सेलिगमन हा टप्पा महामार्ग सोडून जुन्या रूट ६६ नं करा. अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, पण वाटेत पीच स्प्रिंग्ज लागतं. वालापाय जमातीचं मुख्य गाव हेच. म्हणजे वेस्ट रिम न पाहताही तुम्ही त्यांच्या मुलखातून जाता.

सकाळी सातला निघालात तर रमतगमत दुपारी दोन-अडीचला काठावर असाल. मार्च ते नोव्हेंबर काठाकाठानं पश्चिमेला जाणाऱ्या हर्मिट रोडवर खासगी गाड्या बंद असतात आणि उद्यानाची मोफत बस धावते. तीच पकडून मावळतीला होपी पॉइंट गाठा. परतीच्या बसला रांग मोठी असते, ज्येष्ठांसाठी एक बस आधी निघणं बरं. मुक्काम काठावरच्या लॉजमध्ये मिळाला तर उत्तम, पण ती वर्षभर आधी भरतात. नाहीतर उद्यानाच्या दारातलं टूसायान गाव, किंवा विल्यम्स. अंधार पडल्यावर विल्यम्सचा रस्ता सावकाश कापा, एल्क जातीची प्रचंड हरणं अचानक रस्त्यावर येतात. दुसऱ्या दिवशी पहाट, मग डेझर्ट व्ह्यूपर्यंतचा काठाकाठाचा रस्ता, आणि दुपारी एकच्या आत परतीला लागा. संध्याकाळचा सूर्य थेट डोळ्यांवर येतो, कारण परतीचा बराचसा रस्ता पश्चिमेकडे आहे.

कपड्यांबद्दल एकच गोष्ट. व्हेगस सुमारे २,००० फुटांवर आहे, वेस्ट रिम ४,८०० च्या आसपास आणि साउथ रिम ७,००० फुटांवर. व्हेगसला घाम येत असताना साउथ रिमच्या पहाटेला आईला शाल लागते, आणि हिवाळ्यात तर तिथं बर्फ असतो. तरी पाणी भरपूर घ्या. कोरड्या हवेत घाम जाणवत नाही आणि तहान उशिरा कळते.

घड्याळही जपा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्यामुळे मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत व्हेगस आणि ग्रँड कॅन्यनची वेळ एकच असते, पण हिवाळ्यात ॲरिझोना एक तास पुढे जातं. डिसेंबरात सूर्यास्त साडेपाचच्या आत होतो. तेव्हा व्हेगसच्या घड्याळावर विसंबलात तर पोचेपर्यंत अंधार झालेला असतो.

साउथ रिमला आपल्या माणसांना आणखी एक गंमत वाटते ती नावांची. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञानं इथल्या शिखरांना जगभरच्या दैवतांची नावं द्यायची पद्धत पाडली. त्यामुळे दरीत विष्णू टेंपल आहे, शिव टेंपल आहे, ब्रह्मा टेंपल आहे, राम आणि कृष्णाच्या नावाची ठिकाणंही आहेत. दरीच्या तळाशी दिसणाऱ्या काळ्या, जुनाट खडकांचं शास्त्रीय नावच विष्णू शिस्ट. सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचे ते खडक. आईनं ग्रँडव्ह्यू पॉइंटवरून विष्णू टेंपलला हात जोडले. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी कुतूहलानं विचारलं, तेव्हा तिनं मोडक्या इंग्रजीत त्यांना विष्णू कोण ते सांगितलं.

बाबांना आम्ही दोन वर्षांनी परत आणलं, या वेळी साउथ रिमला, एका मुक्कामासह. यावापाय संग्रहालयापासून काठावरून एक सपाट फरसबंद वाट निघते, ट्रेल ऑफ टाइम. व्हीलचेअरही जाईल अशी. तिच्यावर दर मीटरला धातूची खूण आहे आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. बाजूला त्या त्या काळातले दगड मांडलेले आहेत, हात लावून बघता येतात. बाबा खाली बघत, खुणा मोजत निघाले. साठच्या आकड्यानंतर आणखी सहा मोजून थांबले, आईला हाक मारली आणि काठीनं ती खूण दाखवून म्हणाले, "हे बघ, इथं आपला सह्याद्री झाला." सहा कोटी साठ लाख वर्षं. मग समोरच्या काठाच्या अगदी वरच्या, सगळ्यात तरुण थराकडे त्यांनी बोट केलं, त्या फिकट कायबॅब चुनखडकाकडे, आणि पुन्हा मोजत निघाले. त्या थराच्या खुणेपाशी पोचायला त्यांना आणखी दोनशे मीटर चालावं लागलं.