सिमेंटच्या आतली भोकं थ्रीडीत बघायची गरज कुठून आली

वाशीचा जुना खाडीपूल १९७३ ला सुरू झाला आणि पुढे त्यातल्या प्रीस्ट्रेसिंगच्या केबल, म्हणजे काँक्रीट दाबून धरणाऱ्या ताणलेल्या तारा, गंजल्या हे इकडच्या सिव्हिलवाल्यांना माहितीच आहे, शेजारचा दुसरा पूल १९९७ चा. खाडीकाठी हवेत मीठ असणारच, पण ते काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचतं ते सिमेंटच्या बारीक भोकांतून, म्हणजे पोअरमधून.

भोकं मोजायचं काम जुनंय. अमेरिकेत पॉवर्स आणि ब्राउनयार्ड या संशोधकांनी १९४० च्या दशकातच जेल पोअर (घट्ट झालेल्या सिमेंटच्या आतली अतिसूक्ष्म भोकं) वेगळे, कॅपिलरी पोअर (जादा पाण्याच्या जागी उरलेली मोठी भोकं) वेगळे हे दाखवलं होतं. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पॉवर्स, कोपलँड आणि मान यांचं १९५९ चं काम, कारण भोकं किती यापेक्षा ती एकमेकांना जोडलेली आहेत का हे त्यांनी विचारलं. वॉटर-सिमेंट रेशो, म्हणजे सिमेंटच्या वजनाला पाण्याचं वजन किती ते, ०.४ असेल आणि तराई (काँक्रीट ओलं ठेवणं) नीट चालू असेल तर साधारण ३ दिवसांत कॅपिलरींची सलग वाट तुटते, ०.५ ला १४ दिवस, ०.६ ला ६ महिने, ०.७ ला वर्ष, आणि त्याच्या वर गेलात तर कधीच नाही! उलव्यात, घणसोलीत साइटवर माल पातळ करायला मिक्सरमध्ये बादलीभर पाणी वाढवतात तेव्हा नेमकी हीच वाट उघडी राहते.

ती वाट डोळ्याने दिसत मात्र नव्हती. पारा दाबून मापं घ्यायचे, पण पारा अरुंद तोंडातून शिरतो त्यामुळे आतली पोकळी मोठी असली तरी नोंद तोंडाच्या मापाची होते, आणि सिडनी डायमंड या संशोधकाने २००० साली सिमेंटमधल्या भोकांची मापं काढायला ही पद्धत योग्यच नाही असं स्पष्ट लिहिलं. मायक्रोस्कोपखालच्या कापात दोन भोकं वेगळी दिसली तरी खाली ती जोडलेली असू शकतात.

मग हॉस्पिटलचं तंत्र कामी आलं. सीटी स्कॅन १९७१ मध्ये पहिल्यांदा पेशंटवर झाला, तेच सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन फिरवून फार प्रखर एक्स-रे देणाऱ्या यंत्राच्या) एक्स-रेने सिमेंटवर केलं, आणि फ्रान्समधल्या ग्रेनोबलला घेतलेले असे स्कॅन निस्ट या अमेरिकी मापन संस्थेने २००२ ला सगळ्यांसाठी खुले केले, व्हॉक्सेल, म्हणजे थ्रीडी चित्राचा एक ठिपका, जेमतेम १ मायक्रोमीटरचा (मिलिमीटरचा हजारावा भाग). नमुना कापावा लागत नाही म्हणून तोच पुन्हा काही दिवसांनी स्कॅन करता येतो, हे फार मोठं काम झालं. तरी काही नॅनोमीटरचे (मायक्रोमीटरचा हजारावा भाग) जेल पोअर त्यात दिसत नाहीत, त्यासाठी आयन बीमने (भारित कणांच्या झोताने) थर खरवडत फोटो घेतात, पण तिथे तुकडा मायक्रोमीटरांत मोजावा इतकाच, आणि मिठाला पार करायची वाट त्याहून कितीतरी लांब: काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ४५६ प्रमाणे, किनाऱ्यावर सळईला कव्हर, म्हणजे वरचा काँक्रीटचा थर, लागतं ४५ मिलिमीटर.