आरएशिप आणि रिसर्च क्रेडिट: दोन्हीला "लॅबमध्ये काम मिळालं"च म्हणतात, पण फरक समजून घ्या

माझी एक ज्युनियर आहे नाशिकची, अमेरिकेत एमएसला. (तिला विचारूनच लिहितोय.) पहिल्याच टर्मला तिचा फोन आला, "दादा, मला लॅबमध्ये रिसर्च मिळाला!" लॅबही तिला हवी तशीच, टेक्नॉलॉजी आणि वंचित समाज यावर काम करणारी, म्हणजे घरकाम करणाऱ्या बायका, स्थलांतरित मजूर, दिव्यांग माणसं यांच्या आयुष्यात फोन आणि अ‍ॅप आले की नेमकं काय होतं ते बघणारी. आईने बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, बाबांनी एज्युकेशन लोनचा हिशोब परत मांडला कारण त्यांना वाटलं आता फी माफ. दोन आठवड्यांनी तिने फीचं पोर्टल उघडलं तर तिथे तीन क्रेडिट (कोर्स मोजायचं माप) वाढलेले आणि त्याचे पैसे हिनेच भरायचे. कोणी फसवलं नव्हतं, मेलमध्ये "फॉर क्रेडिट" असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण आनंदात तो शब्द ना तिने धरला ना आम्ही कोणी.

तर आरएशिप, म्हणजे रिसर्च असिस्टंटशिप, ही नोकरी आहे. युनिव्हर्सिटी तुम्हाला कामावर ठेवते. सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये बघा, तिथे नेहमीची नेमणूक ५० टक्के असते म्हणजे आठवड्याला २० तास, त्याचा महिन्याचा स्टायपेंड, वर फीमाफी आणि हेल्थ इन्शुरन्स, आणि अशा काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची युनियनसुद्धा आहे. एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यामुळे अशी आरएशिप घेतली की तो कोटा तिथेच संपतो, वर आणखी लायब्ररीत किंवा डायनिंग हॉलमध्ये शिफ्ट घ्यायचा विचार करू नका. आरएशिपच्या जागा कमी असतात आणि बऱ्याचदा पीएचडीवाल्यांना आधी जातात, एमएसवाल्याला पहिल्या टर्मला मिळणं अवघडच.

रिसर्च क्रेडिट म्हणजे मात्र कोर्स. रजिस्ट्रेशन करायचं, फी भरायची, शेवटी ग्रेड किंवा नुसता पास. त्याच युनिव्हर्सिटीत ह्युमन सेंटर्ड डिझाइन अँड इंजिनिअरिंग नावाचं डिपार्टमेंट आहे, तिथे डायरेक्टेड रिसर्च ग्रुप चालतात, प्राध्यापक किंवा एखादा पीएचडीचा विद्यार्थी ग्रुप घेतो आणि बाकीचे क्रेडिटसाठी येतात. तिथे साधारण एका क्रेडिटला आठवड्याचे तीन तास धरतात. हा अभ्यास आहे, नोकरी नाही, म्हणून हे तास त्या २० तासांत धरत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. आणि काही ठिकाणी ठराविक क्रेडिटपर्यंत फी एकच असते, मग तीन क्रेडिट वाढले तरी खिशाला काही लागत नाही. काही प्रोग्राममध्ये मात्र क्रेडिटमागे पैसे मोजावे लागतात, माझ्या ज्युनियरचं तेच झालं.

गोंधळ वाढतो तो मधल्या प्रकारामुळे. तासावर पैसे मिळतात पण फीमाफी नाही, इन्शुरन्स नाही, आणि त्यालाही सगळे सर्रास आरएशिपच म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर हमखास. एमआयटीमध्ये १९६९ पासून यूरॉप म्हणून अंडरग्रॅज्युएट मुलांसाठी प्रोग्राम आहे, तिथे पगार, क्रेडिट किंवा व्हॉलंटियर असे तीन मार्ग ठेवलेत आणि एकाच कामाचा पगारही आणि क्रेडिटही असं घेता येत नाही. इतकं स्वच्छ सगळीकडे लिहिलेलं नसतं. आणि तिकडे बीएस, म्हणजे पदवी, करणाऱ्यांसाठी एक, नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या उन्हाळ्यातल्या आरईयू नावाच्या रिसर्च जागांना त्यांच्याकडून स्टायपेंड मिळतो पण तो अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यांनाच, एफ-१ वाल्यांनी त्यात वेळ घालवू नका.

आता मला जे खरं सांगायचंय ते. पैशाचा फरक सगळे सांगतात, पण अशा लॅबमध्ये हा फरक कामातसुद्धा उतरतो. क्रेडिट घेतलं की लॅब तुम्हाला काहीतरी शिकवणं लागते, इंटरव्ह्यू कसा घ्यायचा, कोडिंग कसं करायचं (इथे कोडिंग म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे, लोकांच्या बोलण्यातले मुद्दे वेगळे काढणं), पेपर कसा वाचायचा. पगार घेतला की तुम्ही लॅबला काम देणं लागता. म्हणून क्रेडिटवर गेलात आणि दहा आठवडे नुसतं ट्रान्सक्रिप्शन (रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणं) केलंत, कोणी शेजारी बसून काही शिकवलं नाही, तर ते बरोबर नाही आणि तसं बोलून दाखवायला घाबरू नका.

ट्रान्सक्रिप्शनबद्दल थोडं जास्त लिहितो कारण मराठी मुलांच्या वाट्याला तेच येतं. मी स्वतः केलंय. एक तासाचं मराठी रेकॉर्डिंग ऐकून उतरवायला आणि इंग्रजीत न्यायला मला पूर्ण दिवस लागायचा. एका इंटरव्ह्यूमध्ये (नाव गाव सांगणार नाही, शब्दही थोडे बदललेत) बाई म्हणतात, "फोन हाय की, पण पोराचा हाय, तो घरी आला की मंग." मी घाईत इंग्रजीत लिहून मोकळा झालो, घरात फोन सामाईक आहे. माझ्या गाईडने एवढंच विचारलं, सामाईक असं त्या म्हणाल्या का? परत ऐकलं. नव्हत्या म्हणाल्या. फोन मुलाचा होता आणि तो घरी येईपर्यंत त्यांच्यासाठी नव्हताच. अख्खा मुद्दा त्या "मंग"मध्ये होता. ती हेडफोन लावून घालवलेली दुपार मला कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त शिकवून गेली, पण शिकवणारं कोणीतरी शेजारी होतं म्हणून. नुसतं रेकॉर्डिंग पाठवून "शुक्रवारपर्यंत दे" असं असेल तर ते भाषेचं कसबी काम आहे आणि त्याचे तासावर पैसेच मिळायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. माणसांवर रिसर्च करायचा तर आधी एथिक्सचं ट्रेनिंग आणि आयआरबीची, म्हणजे असा रिसर्च तपासणाऱ्या समितीची, मंजुरी, क्रेडिटवाल्यालाही सुटका नाही. कटकट वाटते, पण टस्कीगीचं वाचा. अमेरिकेत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी अभ्यासात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना खरं काय ते सांगितलं नाही, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता आणि पेनिसिलिन आल्यावरही उपचार दिले नाहीत. आजचे नियम त्यानंतर आले. गरीब माणसाला "सही करा" म्हटलं की तो करतो, म्हणून आपणच जास्त जपायचं.

आणि दहा आठवड्यांचा प्रश्न. सिअ‍ॅटलमध्ये क्वार्टर, म्हणजे तिथली टर्म, दहा आठवड्यांचं, क्रेडिट संपलं की मुलगा गेला. पण ज्या बायकांनी त्याच्यावर विश्वास टाकून घरातलं सांगितलं त्यांच्यासमोर पुढच्या वेळी नवाच चेहरा. जमलं तर किमान दोन टर्म राहा. विद्यार्थ्यांच्या हातून मोठी कामंही होतात हो, ओपन डेटा किट, म्हणजे फोनवर सर्व्हे भरायचं सॉफ्टवेअर, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्येच २००८ मध्ये सुरू झालं, त्यात विद्यार्थ्यांचा मोठा हात होता, आणि आपल्याकडे सामाजिक संस्थांमध्ये सर्व्हेला कोबो टूलबॉक्स वापरतात ते त्याच्यावरच उभं आहे. पण ते एका क्वार्टरमध्ये झालेलं नाही.

मला विचाराल तर पहिल्या टर्मला क्रेडिट घ्या, फी वाढत नसेल तर डोळे झाकून. काम आवडलं, त्यांनाही तुम्ही आवडलात, की पगारी जागेचं तोंड उघडून विचारा. फुकट व्हॉलंटियर म्हणून मात्र जाऊ नका, आणि एफ-१ वर असाल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय अजिबात नको.

माझ्या ज्युनियरने दुसऱ्या टर्मला मेल केला तेव्हा पहिल्याच ओळीत विचारलं: हे काम क्रेडिटवर आहे, तासावर आहे की फीमाफीसकट, आठवड्याचे तास किती आणि मला कोण शिकवणार? उत्तर त्याच दिवशी आलं, तासावर, आठवड्याला दहा तास, फीमाफी नाही, दर मंगळवारी एका पीएचडीच्या ताईबरोबर बसायचं. तिने हो म्हटलं. रात्री घरी फोन लावला आणि बाबांना सगळ्यात आधी "फी माफ नाही" एवढं सांगितलं, मग बाकीचं.