इराणी लघुचित्रकला

इराणी लघुचित्रकला ही मुळात ग्रंथाची कला. ही चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती. हस्तलिखित मांडीवर घेऊन, मजकूर वाचता वाचता पाहायची होती. फिर्दौसीचा शाहनामा, निजामीचा खम्सा आणि सादीचे बोस्तान या फारसी काव्यग्रंथांतील प्रसंग चित्रकारांच्या विशेष आवडीचे.

दरबारी किताबखान्यात कागद घोटणारे, सुलेखनकार, चित्रकार, सोनेरी नक्षी करणारे आणि पुस्तकबांधणी करणारे कारागीर एकत्र काम करीत. मजकूर सहसा आधी लिहिला जाई. चित्रकाराच्या वाट्याला उरलेली जागा येई. तरी एखादे झाड किंवा निशाण चौकट ओलांडून समासात घुसतेच. निळ्या रंगासाठी बदख्शानचा लाजवर्द (निळा दगड), लालसाठी हिंगूळ, शिवाय सोने. चित्रात सावली जवळजवळ नसते. रात्रीचा प्रसंगही लख्ख रंगवलेला असतो. रात्र आहे हे चंद्र किंवा मेणबत्तीवरून ओळखायचे. दूरची माणसे लहान होत नाहीत, पानावर वर सरकतात. याला यथादर्शनाचे अज्ञान समजणे चूक आहे. इथे प्रत्येक गोष्ट स्पष्ट दिसण्याला महत्त्व होते.

इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल इल्खानांच्या काळात तबरीझमध्ये या शैलीची घडण सुरू झाली. वजीर रशीदुद्दीनच्या जगाच्या इतिहासाच्या सचित्र प्रतींत (१३१४ च्या सुमारास) चिनी वळणाचे ढग आणि खडक दिसतात. पुढे शिराझ, बगदाद आणि तैमूरच्या वंशातल्या राजपुत्रांचे हेरात ही केंद्रे झाली. हेरातचा चित्रकार बिहजाद याने ठरावीक साच्यातल्या आकृत्यांना हालचाल दिली. त्याने रंगवलेल्या बोस्तानाच्या १४८८ च्या प्रतीत, झुलेखाच्या मोहातून युसुफ पळतो त्या प्रसंगात कथेपेक्षा वास्तूच अधिक बोलते: बंद दारे, जिने, एकात एक खोल्या.

सफवी घराण्यातल्या शाह तहमास्पसाठी तयार झालेल्या शाहनाम्याच्या प्रतीत २५८ चित्रे होती. १५६८ मध्ये तो ऑटोमन सुलतानाला नजर करण्यात आला. विसाव्या शतकात एका अमेरिकी संग्राहकाने त्याची पाने सुटी करून विकली. जी कला ग्रंथाबाहेर अर्धी राहते, तिच्यावर याहून मोठा आघात क्वचितच झाला असेल. उरलेला भाग १९९४ मध्ये इराणने आधुनिक चित्रकार डी कूनिंगच्या एका चित्राच्या बदल्यात मिळवला.

अर्थात ग्रंथापासून फारकत इराणमध्ये आधीच सुरू झाली होती. इस्फहानच्या रझा अब्बासीने (मृत्यू १६३५) एकेका तरुणाची, दरवेशाची सुटी चित्रे काढली. ती विकत घेऊन संग्रहात चिकटवणारा नवा रसिक तयार झाला. पुढे काजार घराण्याच्या काळात तैलरंगातली मोठी राजचित्रे आली.

तहमास्पच्या दरबारातले चित्रकार मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हुमायूनच्या आश्रयाला आले आणि मुघल शैलीचा पाया पडला. दख्खनने स्वतःची वाट काढली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे अहमदनगरच्या निजामशाहीतले हस्तलिखित त्याचा आरंभीचा नमुना. त्यात उंच क्षितिज इराणी आहे, पण स्त्रियांचा पेहराव इथला.