रॉकेटचा गुरुत्वमध्य आणि दाबमध्य: एक बोटावर सापडतो, दुसरा नाही

मॉडेल रॉकेट बोटावर आडवं तोलायचं, जिथे ते स्थिर राहील तिथे पेन्सिलीची खूण करायची आणि ‘बॅलन्स बरोबर आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. नवशिके हे करतातच, पण तयार किटमध्ये फेरफार करायला लागलेली मुरलेली माणसंही करतात. बोटावर सापडतो तो गुरुत्वमध्य. रॉकेट सरळ जाईल की कोलांट्या खाईल, हे एकट्या त्याच्यावर ठरत नाही. रॉकेटच्या अंगावर दाबमध्य नावाचा आणखी एक बिंदू असतो आणि तो बोटाला लागत नाही. छंदातली माणसं दोघांना सीजी आणि सीपी म्हणतात. ही नावं एका दमात घेतली जातात, म्हणूनही त्यांची गल्लत होत असावी.

गुरुत्वमध्य हा वजनांचा हिशेब आहे. नाकात माती भरली की तो पुढे येतो, शेपटाला रंगाचे तीन हात जास्त दिले की मागे जातो. दाबमध्याला वजनाशी काही देणंघेणं नाही. रॉकेट जरासं तिरकं झालं की नाकावर आणि पंखांवर हवेचा आडवा जोर पडतो. त्या सगळ्या जोराची बेरीज ज्या ठिकाणी लागते तो दाबमध्य. तोच आकार शिशाचा केला काय किंवा कागदाचा केला काय, दाबमध्य तिथेच राहील.

भूगोलाच्या पुस्तकातला वातकुक्कुट आठवा. त्याची दांडी मधोमध असते, पण शेपटाचा पत्रा रुंद असतो. वारा पत्र्याला ढकलतो आणि टोक वाऱ्याच्या दिशेला वळतं. हवेत सुटलेल्या रॉकेटला दांडी नसते, ते स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती वळतं. म्हणून दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे, शेपटाकडे हवा. मग रॉकेट जरा हललं की हवाच त्याला पुन्हा सरळ करते. क्रम उलटा झाला तर तीच हवा ते हलणं वाढवत नेते. दोघांत निदान रॉकेटच्या जाडीएवढं अंतर असावं, असा छंदातला दंडक आहे. त्या एका जाडीला एक कॅलिबर म्हणतात.

हे मला नीट उमगलं ते इलिनॉयमध्ये, कापणी झालेल्या मक्याच्या शेतात. आमचं रॉकेट ६० सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर जाड. मोटर सोडून वजन ६० ग्रॅम. मोटर म्हणजे घन इंधन भरलेली नळी, आणि तिची ताकद इंग्रजी अक्षराने सांगतात. सी मोटरवर ते चार वेळा सुतासारखं सरळ गेलं होतं. मुलाला आणखी उंच उडवायचं होतं, म्हणून १८ मिलिमीटरच्या मोटरसाठी बसवलेली आतली नळी काढून २४ मिलिमीटरची डी मोटर बसेल अशी सोय केली. सी मोटरचा एकूण आवेग, म्हणजे जोर गुणिले वेळ, जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद असतो, डीचा २०. दुप्पट जोर मिळतोय, एवढंच आम्ही पाहिलं. रॉकेट उड्डाणाची उभी दांडी सोडून जेमतेम झाडाएवढं वर गेलं, आडवं झालं, गोल फिरलं आणि ढेकळांत नाक खुपसून पडलं.

“आई, पंख तर तेच होते ना?” मुलाने विचारलं. पंख तेच होते, म्हणजे दाबमध्यही तोच, नाकाच्या टोकापासून ४४ सेंटिमीटरवर. हलला होता तो दुसरा बिंदू. रिकाम्या रॉकेटचा गुरुत्वमध्य ३३ सेंटिमीटरवर होता. सी मोटर भरते सुमारे २४ ग्रॅम, डी सुमारे ४३, आणि ते सगळं वजन पार शेपटाशी. सी घातल्यावर गुरुत्वमध्य ३९.७ वर यायचा, म्हणजे दोन बिंदूंत ४.३ सेंटिमीटर, पावणेदोन कॅलिबरच्या आसपास. डी घातल्यावर तो ४२.८ वर सरकला. उरलं १.२ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा कॅलिबर. वारा असताना तेवढं पुरत नाही, कारण दांडी सोडताना वेग कमी असतो, वाऱ्याने रॉकेट जास्त तिरकं होतं, आणि कोन वाढला की नळीवरही हवेचा जोर पडून दाबमध्य पुढे सरकतो. उपाय निघाला चार ग्रॅम मातीचा. ती नाकात बसवल्यावर गुरुत्वमध्य ४१.४ वर आला.

मोठे पंख लावले असते तर? दाबमध्य मागे गेला असता, पण पंखांचंही वजन शेपटाशीच, त्यामुळे गुरुत्वमध्यही थोडा मागे ओढला जातो. हलक्या बाल्सा लाकडाचे पंख असतील तर सौदा फायद्याचा. जाड प्लायवुडचे असतील तर आधी गणित करा.

दिवाळीतल्या बाणाची काडीही हेच काम करते. बाटलीत उभा राहायला काडी लागते असं लहानपणी वाटायचं. काडी मोडलेला बाण कुणीतरी लावायचा आणि तो अंगणभर सैरावैरा पळायचा. काडीने गुरुत्वमध्यही मागे जातो हे खरं. पण ती हलकी आणि लांब असल्यामुळे दाबमध्य त्याहून कितीतरी मागे जातो, आणि बाण सरळ चढतो.

जोर वरच्या टोकाला लावला की रॉकेट लंबकासारखं आपोआप सरळ राहील, हाही एक जुना समज. रॉबर्ट गॉडर्डने १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न इथे द्रव इंधनावरचं पहिलं रॉकेट उडवलं, त्याची मोटर वरच होती. पण रॉकेट कललं की मोटरचा जोरही त्याच्याबरोबर कलतो, सरळ करणारं कुणी उरत नाही. गॉडर्डने पुढे मोटर खाली नेली.

आता मापायचं कसं? गुरुत्वमध्य बोटावरच मापा, पण मोटर, पॅराशूट आणि जळू नये म्हणून घालायचा कागद, सगळं भरून. सर्वांत जड मोटर घालून मापा. जळताना मोटर हलकी होते आणि गुरुत्वमध्य पुढे येतो, म्हणजे धोक्याचा क्षण सुरुवातीचाच.

दाबमध्यासाठी जुनी युक्ती म्हणजे रॉकेटची आकृती पुठ्ठ्यावर काढून कापायची आणि पट्टीच्या कडेवर तोलायची. हा बिंदू मिळतो तो हवा थेट बाजूने आली असं धरून, त्यामुळे खऱ्यापेक्षा बराच पुढचा. त्यावर विसंबलात तर रॉकेट पडणार नाही, पण नाकात उगाच माती भरत बसाल. नासात काम करणाऱ्या जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय मॉडेल रॉकेट स्पर्धेत, म्हणजे नारॅम-८ मध्ये, नाक आणि पंखांच्या मापांवरून दाबमध्य काढायची समीकरणं मांडली, आणि शाळकरी मुलांनाही कागद-पेन्सिलीने तो काढता येऊ लागला. आज ओपनरॉकेट हा मोफत प्रोग्राम तेच वाढवून वापरतो. साम्पो निस्कानेन यांनी २००९ मध्ये हेलसिंकीला पदव्युत्तर प्रबंधासाठी तो बनवला. आमचे आकडे त्यातलेच.

अंतर फार वाढवणंही बरं नाही. तीन-चार कॅलिबरचं रॉकेट वाऱ्याच्या दिवशी वातकुक्कुटासारखंच वागतं: दांडी सोडताच वाऱ्याकडे तोंड करतं आणि तिरकं निघून जातं. आमच्या रॉकेटवर आता तीन खुणा आहेत. एक लाल, दाबमध्याची. दोन निळ्या, एक सीची आणि एक डीची. दांडीवर चढवण्याआधी मुलगा ते भरून बोटावर तोलतो आणि लाल खूण किती मागे आहे ते पट्टीने बघतो.